हैदराबाद ते शिकागो, पाच तास

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. आमच्या ह्यांच्याजवळसुद्धा नाही — आणि ह्यांना मी दाढदुखीपासून शेजारणीच्या भांडणापर्यंत सगळं सांगत असते. वैशूजवळ तर नाहीच नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही माझ्या मायला पाहिलेलं नाही. पाहिलं असतंत तर पुढचं ऐकून माझ्या घरचं पाणीसुद्धा प्याला नसतात.

कुठून सुरू करू? माझ्यापासूनच करते. मी नांदेडात एका शाळेत भूगोल शिकवते. बावीस वर्षं झाली. रेखावृत्तं, प्रमाणवेळ, एका अंशाला चार मिनिटं, पूर्वेकडं गेलं की घड्याळ पुढं आणि पश्चिमेकडं गेलं की मागं — हा धडा मी झोपेतसुद्धा शिकवीन. पोरं हटकून एकच चूक करतात आणि मी हटकून तेच ओरडते, "अरे बाबांनो, निघाल्याची वेळ इथली, पोचल्याची वेळ तिथली, सरळ वजाबाकी कशी करून राहिलात?" हे आधीच सांगून ठेवते. बाईला माहीत नव्हतं, असं म्हणायला कुणाला जागा नको.

माय जळकोटची. आबा मास्तर होते, माझ्या लग्नानंतर दोन वर्षांत गेले. मग घरात माय आणि माझी धाकटी बहीण वैशाली, एवढ्या दोघीच. वैशू माझ्याहून तेरा वर्षांनी लहान. माय शाळेत गेलेली नव्हती, पण घड्याळ आणि आकडे तिला पक्के यायचे. ती ते शिकली यष्टी स्टँडवरच्या फळ्यावरून. निघायची वेळ अमुक, पोचायची तमुक, मधले तास बोटांवर. जळकोट-लातूर अडीच, जळकोट-नांदेड तीन. तिचा सगळा जगाचा नकाशा त्या फळ्यावर होता, आणि तो कधी चुकला नाही. गाडी उशिरा आली असेल, पण फळा खोटा बोलला नाही.

आणि तिचा एक नियम होता. लेक एका भाकरीच्या वाटेवर द्यायची. म्हणजे सकाळची भाकर माहेरी खाऊन निघालं, वाटेला एक बांधून घेतली, तर दिवेलागणीच्या आत लेकीच्या दारात पोचलं पाहिजे. दुसरी भाकर बांधावी लागली तर ती सोयरीक नाही. हे काही खूळ नव्हतं. तिची थोरली बहीण पार वऱ्हाडात दिली होती. ती बाळंतपणात गेली आणि निरोप आला आठव्या दिवशी, पोस्टकार्डावर. माय सांगायची, "कारड आलं तवा मी धुणं धुवून राहिले व्हते. मेलेल्या बहिनीचं आठ दिस मला काय बी ठाव न्हाई, मी आपली हसून बोलून राहिले." ते हसून बोलणं तिला आयुष्यभर टोचलं.

मला तिनं नियमाप्रमाणं हिमायतनगरला दिलं. सकाळची नांदेड गाडी, तिथं दुसरी, सगळे मिळून पाच-साडेपाच तास. एक भाकर. पण सांगू? नोकरीसाठी आम्ही नांदेडला येईपर्यंत मी सात वर्षं हिमायतनगरला होते. त्या सात वर्षांत माय माझ्या घरी आली तीन वेळा. तीन! एका बारशाला, एका आजारपणाला आणि एकदा कुणाच्या तरी लग्नाला आली होती म्हणून वाकडी वाट करून. दरवेळी दुसऱ्या दिवशी परत. "वैशी एकटी हाय." वैशीचा अभ्यास, वैशीची परीक्षा, वैशीला ताप. मी एका भाकरीवर राहून काय मिळवलं? पाण्यात बघत होते मी त्या पोरीला, हे आज कबूल करते. ती मला ताई-ताई म्हणत पदर धरून फिरायची, तरी बघत होते.

मग वैशूचं स्थळ आलं. आलं म्हणजे तिनंच आणलं — तिच्याबरोबर शिकलेला, उदगीरच्या घरचा, समाजातलाच मुलगा, शिकागोत नोकरी. सगळं जुळत होतं. फक्त माय अडून बसली. "समुद्रापार? किती भाकरी बांधू मी?" आठ दिवस ती कुणाशी धड बोलली नाही. वैशू नांदेडला आली आणि माझ्या स्वयंपाकघरात पाटावर बसून रडली. "ताई, तुझं ऐकते ती. तू सांग." माझं ऐकते! मला हसू आलं. पण मी गेले.

त्या दिवसांत हैदराबादहून शिकागोला थेट विमान सुरू झालं होतं. मी त्याचं वेळापत्रक छापून घेऊन गेले. निघायचं दुपारी एकला. पोचायचं संध्याकाळी सव्वासहाला. तारीख तीच. मी कागद मायपुढं धरला आणि गप्प बसले. खरं सांगते, त्या घडीला मी एक शब्द खोटा बोलले नाही. तिनंच बोटं मोजली. एक ते दोन, दोन ते तीन... "पाच तास? अगं बया! सुजे, हे तर तुज्या हिमायतनगराएवढंच की गं!" पहाटे जळकोटहून गाडी केली की सहा तासांत हैदराबाद, एकचं विमान, दिवेलागणीला लेकीच्या दारात. भाकर एकच! दाराआड वैशू तोंडात ओढणी कोंबून हसत होती. मायनं माझ्याकडं पाहिलं, "खरं का गं?" आणि मी मान हलवली.

विमानात पावणेसतरा तास बसावं लागतं, बरं का. अंतर तेरा हजार किलोमीटरच्या वर. तिथलं घड्याळ आपल्या साडेअकरा तास मागं, म्हणून कागदावर पाच दिसतात. इकडं सकाळ तेव्हा तिकडं रात्र, हे मायला ऐकून माहीत होतं. पण त्याचा या कागदाशी काय संबंध, हे तिला कोण सांगणार? भूगोलाची बाई. आणि ती तर मान हलवून बसली होती.

तुम्ही म्हणाल, एवढंच? बहिणीचं लग्न व्हावं म्हणून म्हातारीला जरा फसवलं, त्यात काय एवढं? घरोघरी असतं. मीही तेच म्हणत आले. लग्न झाल्यावर वैशू म्हणाली, "ताई, आता सांगून टाक गं मायला." मी म्हटलं, हो. महिन्याभरानं तिनं फोनवर विचारलं, "सांगितलंस का?" मी म्हटलं, "हाव, सांगितलं. हसली." सांगितलं नव्हतं. का नाही सांगितलं? आळस. आज सांगू, उद्या सांगू. वैशूच्या लेखी मात्र तो विषय मिटला, घरातला एक विनोद झाला. फोन ठेवताना ती मला म्हणायची, "येऊ का ताई चहाला? पाचच तास!" पहिल्या वर्षी ती एकदा येऊनही गेली. ठरवून, तारीख कळवून आली. अशा माणसाचे वाटेतले तास कोण मोजतं?

इथवरचं मी कुणालाही सांगू शकले असते. चार बायकांत बसून हसतहसत सांगितलं असतं. खरं पुढं आहे — आणि बघा, तिथं आले की मला पाणी प्यावंसं वाटतं.

दोन वर्षं गेली. ते थेट विमानही मधेच बंद झालं. थंडीचे दिवस होते. माय जळकोटच्या घरी न्हाणीत घसरली. खुब्याचं हाड मोडलं. मायचा धाकटा भाऊ, आमचे किसनमामा, यांनी गाडी करून तिला लातूरला एका दवाखान्यात नेलं आणि मी रात्री नांदेडहून तिथं पोचले. दुसऱ्या दिवशी सातला डॉक्टर येऊन म्हणाले, उद्या सकाळी ऑपरेशन, या वयात थांबून चालत नाही. मायनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "वैशी आल्याबिगर मला आत न्यायचं न्हाई. भूल दिल्यावर मी उठले, न उठले. आधी माज्या लेकीला बघू द्या."

लेकीला. मी उशाशीच उभी होते हो. मी कोण होते?

त्याच सकाळी आठला मी फोन लावला. तिकडं आदल्या रात्रीचे साडेआठ. माय फोनवर म्हणाली, "ये माय, लगी ये." वैशू रडत म्हणाली, "निघाले माय, निघालेच!" मायनं फोन माझ्या हातात दिला आणि बोटं मोजायला घेतली. "आठ न् पाच, दुपारचा एक. एकला हैदराबाद. तितनं गाडीनं सहा. सातला हितं." तिचा चेहरा असा काही उजळला की बघवेना. झाडूवाल्या बाईला सांगितलं, नर्सला सांगितलं, शेजारच्या खाटेवरच्या बाईला तर तीनदा सांगितलं, "माजी धाकटी अमेरिकेहून येऊन राहिली. सातला येती."

अकराच्या सुमाराला मी औषधं आणायला खाली उतरले होते, तेव्हा वैशूचा फोन आला. "ताई, उद्या संध्याकाळचं तिकीट मिळालं गं, दिल्लीवरून. त्याआधीचं एकही नाही. तिथून हैदराबाद, मग गाडी. परवा दुपारी पोचते. मायला समजावून सांग हं. ऑपरेशन थांबवू नका." मी म्हटलं, "सांगते."

वर गेले. माय म्हणाली, "कुणाचा फोन?" मी म्हटलं, "शाळेतून."

हे का केलं? मला खरंच विचारा, का केलं? तिला धक्का बसेल म्हणून? ती ऑपरेशनला नाही म्हणेल म्हणून? अशी कारणं मी नंतर शंभर रचली. त्या जिन्यात एकही कारण नव्हतं. नुसता राग होता. मी रजा टाकून, घर ह्यांच्यावर टाकून आले होते, रात्रभर तिच्या लघवीचं भांडं मी धरलं होतं, आणि खाटेवर मायचे डोळे दाराकडं.

साडेसहाला तिनं माझ्याकडून वेणी घालून घेतली. सात वाजले. आठ. बाहेर चप्पल वाजली की मान उचलायची. नऊ वाजता म्हणाली, "गाडी पंचर झाली असंल." दहाला म्हणाली, "बिदरच्या वाटंला लई खड्डे हायत, हळू चालिवत असतील." लेकीसाठी सबबी तीच शोधत होती. मी खुर्चीत बसून ऐकत होते. 

सकाळी तिला न्यायला माणसं यायची होती. डॉक्टरांनी किसनमामांना बाहेर सह्यांसाठी बोलावलं होतं. शेजारच्या खाटेवरच्या बाईला तपासणीला नेलं होतं. खोलीत आम्ही दोघीच. मायनं माझा हात धरला. तिचा हात खरखरीत आणि गार पडला होता. म्हणाली, "सुजे, तू शिकल्याली हायस. मला अडान्याला खरं सांग. त्या विमानाला किती येळ लागतो? पाचच तास लागतो का, का माजं काय चुकून राहिलं?"

बघा. तिनं स्वतः दार उघडून दिलं होतं. "माजं काय चुकून राहिलं?" असं ती, जी यष्टीच्या कंडक्टरची चूक काढायची, ती मला विचारत होती. मला एवढंच म्हणायचं होतं — नाही माय, तुझं नाही, माझं चुकलं, सतरा तास लागतात आणि उद्या दुपारी पोचेल, पोरगी जीव टाकून येते आहे. किती शब्द झाले? श्वास तरी लागला असता का?

मी म्हटलं, "पाचच तास, माय."

हाच तो गुन्हा. आधीचा कागद नव्हे, मान हलवणं नव्हे. हा. विचारल्यावर, हात हातात असताना, सगळं कळत असताना.

 माय म्हणाली, "मग न्हाई यायाचं तिला. निघाले म्हनली... दगा दिला पोरीनं." डोळ्यांतून पाणी कानाकडं गेलं, ते मी पदरानं टिपलं. आणि तिनं माझा हात दोन्ही हातांनी धरला. "तूच गं माजी." माझ्या आयुष्यात पहिल्यांदा म्हणाली ते. आणि मला बरं वाटलं. मी हे सांगायचं टाळणार होते. पण बरं वाटलं, हे खरं आहे. स्ट्रेचर आत गेलं, आणि मी बाहेर बाकावर बसून रडत होते. येणारा-जाणारा म्हणत होता, बघा, लेकीची माया.

ऑपरेशन नीट झालं. वैशू तिसऱ्या दिवशी दुपारी आली. अंगावर दोन दिवसांचे कपडे, पाय सुजलेले, केसांचं टोपलं. धावतच खोलीत शिरली. माय जागी होती. तिनं वैशूला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "आली? बस. दमली असशील. पाच तासाची वाट हाय."

वैशू हसली.

कळलं का तुम्हाला? तिला वाटलं, माय थट्टा करते आहे. तिच्या लेखी मायला सगळं माहीत होतं — मीच तसं सांगितलं होतं. ऑपरेशन झालेली माय पडल्या पडल्या जुना विनोद करते आहे, म्हणून ती पोर रडता रडता हसली आणि म्हणाली, "हाव ना माय! पाचच तास! हे काय, आलेच!"

मायनं तोंड भिंतीकडं वळवलं. मी चहाचा थर्मास घेऊन दारात उभी होते. मायला काय दिसलं आणि वैशूला काय वाटलं, हे दोन्ही कळणारं त्या खोलीत एकच माणूस होतं. मी चहा ओतला.

वैशू नऊ दिवस राहिली. त्या नऊ दिवसांत मी तिला मायजवळ फार वेळ एकटं सोडलं नाही. "प्रवासाचं काही बोलू नकोस हं, तिचं बीपी वाढतं." हे वाक्य माझंच. दिल्लीला किती तास बसले, तिकिटासाठी किती जणांच्या हातापाया पडले — यातलं काही तिनं तोंडातून काढलं नाही, कारण ताईनं सांगितलं होतं. ती पाय चेपायला बसली की माय पाय आखडून घ्यायची. जेवण भरवायला गेली की म्हणायची, "सुजीला दे." जायच्या दिवशी वैशूनं मला जिन्यात गाठलं. "ताई, माय माझ्यावर का गं रागावली? मी काय केलं?" मी म्हटलं, "म्हातारपण गं. मनावर घेऊ नको." उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

मग माय माझ्याकडं नांदेडला आली. दोन वर्षं राहिली. काय सांगू, मला हवं होतं ते सगळं मिळालं. संध्याकाळी शाळेतून आले की ती दारात बसलेली असायची. पौर्णिमेला आम्ही दोघी विहारात जायचो, ती माझ्या दंडाला धरून चालायची आणि भेटेल त्याला सांगायची, "ही माजी थोरली. हिच्यामुळं हाय मी." वैशूचा फोन आला की पडून राहायची. "निजली म्हणून सांग." मी सांगायचे. कधी वैशू फार रडली तर मी फोन मायच्या कानाला लावायचे. माय "हाव", "बरी हाय", "ठेव आता" एवढंच बोलायची.  एकदा भाजी निवडता निवडता आपणहूनच म्हणाली, "पोटच्या पोरीनं दगा दिला की मानसानं कुनाकडं बघावं?" मी म्हटलं, "जाऊ दे ना माय." मेथीची जुडी माझ्या हातात होती. तिची लेक समोर बसली होती, जिनं दगा दिला होता ती. ती मेथी निवडत होती.

बोलायची संधी नव्हती असं नाही. रोज होती. दोन वर्षांतला एकेक दिवस होता. पण सांगितलं असतं तर तिनं माझ्याकडं कसं पाहिलं असतं, ते मला त्या लातूरच्या खोलीतल्या भिंतीवरून माहीत होतं. झाकली मूठ होती, ती मी झाकलेलीच ठेवली.

माय गेली ती सकाळी, चहा पिऊन, खुर्चीत बसल्या बसल्या. काही त्रास नाही, काही निरोप नाही. ह्यांनी सगळ्यांना फोन केले. दुपारपर्यंत जळकोटची माणसं आली. ओसरीत बसून बायामाणसं रडत होती, आणि किसनमामा माझ्याजवळ येऊन म्हणाले, "सुजाता, वैशूसाठी थांबायचं का? पाच तासाचं तर हाय म्हनं. संध्याकाळपतूर येईल की."

आणि मी म्हटलं, "नाही मामा. नुसतं विमानातच सोळा-सतरा तास लागतात. थेट विमान आता नाही. दिल्लीला थांबावं लागतं, तिथून हैदराबाद, मग गाडी. आज तिकीट मिळालं तरी परवा दुपारच्या आत नाही पोचणार ती. कुणी नाही पोचू शकत."

घडाघडा बोलले. मुलांना वर्गात सांगावं तसं, एकेक तास मोजून. चार वर्षं जे वाक्य घशातून वर आलं नाही ते ऐकायला माय उरली नाही तेव्हा एका दमात बाहेर पडलं.  मामांच्या लगेच ध्यानात आलं नाही, मग आलं. म्हणाले, "आन् मंग अक्का तर मरस्तोवर म्हनायची, लेक पाच तासावर असून आली न्हाई. लातूरला तर लई रडली त्यावरनं. तिला असं कुनी सांगितलं?"

ओसरीतल्या दोन बाया रडायच्या थांबल्या. माय आत चटईवर होती, तिच्या अंगावर पांढरी चादर होती.

मी म्हटलं, "कुणी नाही मामा. अडाणी होती. तिचाच काहीतरी घोळ झाला असेल."

मामा म्हणाले, "हाव, असंल." आणि माणसांना निघायचं सांगायला गेले.

माझी माय, जिनं कधी एका गाडीची वेळ चुकवली नाही.

वैशू तिसऱ्या दिवशी आली. तोवर सगळं उरकलं होतं. आठ दिवस राहिली, बरीचशी मायच्या खुर्चीजवळ जमिनीवर बसून. परत निघाली तेव्हा मी तिला हैदराबादला सोडायला गाडीत बरोबर गेले. देगलूरच्या पुढं तिनं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं आणि म्हणाली, "ताई, तिनं मला माफ केलं असेल का गं? कशाबद्दल ते मला नाही माहीत, पण केलं असेल का?" मी तिच्या केसांवरून हात फिरवला.

गाडीला साडेपाच तास लागले. मी सांगितलं नाही.